मशीद रुंद का असते?

विद्यार्थिमित्रहो, मागील हिवाळ्यात आपल्या शाळेची सहल गाविलगडावर गेली होती, तिचे स्मरण तुम्हांपैकी अनेकांस असेलच. गडाचे दरवाजे पाहून झाले, तोफांवर बसून झाले, डबेही उघडून झाले, आणि ऊन कलता कलता आम्ही गडाच्या उंच भागावरील मोठ्या मशिदीपाशी येऊन थांबलो. दर्शनी बाजूस सात कमानी, आत तीन ओळी खोल दालन, घुमटांपैकी काही पडलेले, फरशीतून गवत उगवलेले. आत चिटपाखरू नव्हते. सातवीतील एका मुलाने कमानीतून डोकावून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "सर, देव कुठं होता?"

मशिदीत मूर्ती नसते, एवढे आम्ही त्यास सांगितले. त्यावर तो म्हणाला, "मंग एवढी मोठी कायले बांधली?"

आम्ही "प्रार्थनेसाठी" असे म्हणावयास तोंड उघडले, परंतु शब्द ओठांवरच राहिला. प्रार्थना तर एकट्याने कोनाड्यासमोर बसूनही होते. तीस सात कमानी कशाला हव्यात? आम्ही असे घुटमळत असता आठवीतील एका मुसलमान विद्यार्थ्याने मागून उत्तर दिले, "उभं राहाले, सर. रांगेनं."

तीनच शब्द, परंतु मशिदीच्या शिल्पावर एखादा ग्रंथ वाचावयास घ्याल तर त्यातील निम्मे सार या तीन शब्दांत आहे, असे आज आम्हांस वाटते. त्या दिवशी मात्र आम्हांस मनातून लाज वाटली. चांदूर बाजारात आम्ही वीसेक वर्षे शिकवीत आहो. शाळेच्या वाटेवर मशीद आहे. सायंकाळी वह्या तपासताना अजान कानी पडली की दिवा लावावयाची वेळ झाली, असे आमच्या घरचे जुने गणित आहे. असे असता, पदवीधर म्हणविणाऱ्या या शिक्षकाने त्या इमारतीचा उंबरठा एकदाही ओलांडलेला नव्हता, आणि ती आतून कशी असते हे त्याला आठवीच्या मुलाकडून शिकावे लागले. हा पाठ आम्ही शिकलो त्याच क्रमाने येथे मांडीत आहो.

प्रथम शब्दच पाहू. 'मस्जिद' या अरबी शब्दाचा अर्थ 'सजदा करण्याची जागा', म्हणजे जेथे कपाळ भूमीस टेकावयाचे ते स्थळ. त्यात छप्पर आले नाही, घुमट आला नाही, मनोराही आला नाही. इ. स. ६२२ मध्ये महंमद पैगंबर मक्केहून मदिनेस आले. तेथे त्यांच्या घरास लागून जी मशीद बांधली गेली तिच्या भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुरीच्या बुंध्यांचे आणि सावलीपुरते छप्पर खजुरीच्या झावळ्यांचे होते. बाकी सर्व उघडे अंगण. त्या अंगणाच्या एका कडेस एक छायेची जागा होती. घरदार नसलेले गरीब अनुयायी तेथे राहत व शिकत. तेव्हा आसरा आणि शाळा या दोन गोष्टी मशिदीस मागाहून जोडल्या गेल्या असे नव्हे. घुमट व मनोरे येण्याच्या पूर्वीपासून त्या तेथे होत्या.

आता रांगेचे गणित. हे पाटीवर मांडून पाहण्यासारखे आहे. नमाजास उभ्या राहणाऱ्या मनुष्यास रुंदीत सुमारे २ फूट आणि खोलीत, कपाळ टेकता यावे म्हणून, सुमारे ४ फूट जागा लागते. समजा, दालन ४० फूट रुंद व २० फूट खोल आहे. एका रांगेत २० माणसे, अशा ५ रांगा, एकंदर १००. आता तेच दालन फिरवून २० फूट रुंद व ४० फूट खोल करा. एका रांगेत १० माणसे, अशा १० रांगा. एकंदर पुन्हा १००. मग रुंदच का बांधावयाचे? वर्गात हा प्रश्न घातला तेव्हा बराच वेळ कोणास उत्तर सुचेना. उत्तर असे की, पहिल्या रांगेत उभे राहण्यास विशेष पुण्य मानतात, आणि रुंद दालनात पहिल्या रांगेत दहांऐवजी वीस जणांस जागा मिळते. शिवाय शेवटचा मनुष्यही इमामापासून फार दूर राहत नाही. त्याचा आवाज सर्वांस ऐकू जातो. गाविलगडावर सात कमानींची रुंदी आणि तीनच ओळींची खोली का, हे आता निराळे सांगावयास नको.

हिंदूंच्या देवळाची रचना याच्या अगदी उलट कारणाने झालेली आहे. तेथे मुख्य स्थान गाभारा; तो लहान व अंधारा, कारण दर्शन एकेकाने घ्यावयाचे असते. लोक जमतात ते कीर्तनाला, सभामंडपात. आमचे ख्रिस्ती उपासनामंदिर बहुधा लांबट असते. सर्वांची दृष्टी समोरच्या वेदीकडे जावी व मधल्या वाटेने तेथवर चालत जाता यावे, अशी ती योजना आहे. एकाने दर्शन घ्यावयाचे, अनेकांनी चालत पुढे जावयाचे, आणि अनेकांनी एका ओळीत उभे राहावयाचे, या तीन क्रियांतून तीन आकार निघाले. इमारत वाचावयाची ती तिच्यात माणसे काय करतात हे पाहून. नुसत्या नक्षीकडे पाहून ती कळत नाही.

नियमाला अपवाद असतात. गुलबर्ग्याच्या किल्ल्यातील जामा मशीद १३६७ ची. बहमनी राज्याच्या आरंभीची. ती २१६ फूट लांब व १७६ फूट रुंद असून तिला उघडे अंगणच नाही, सगळीच छपराखाली आहे. असा प्रकार हिंदुस्थानात फार विरळा. त्याच बहमनी राज्याचा वऱ्हाड हा एक तरफ, म्हणजे सुभा होता. पुढे फत्तेउल्ला इमादुल्मुल्क याने १४८८ त गाविलगडाची मोठी दुरुस्ती केली व १४९० च्या सुमारास तो स्वतंत्र झाला. फिरिश्ता या इतिहासकाराने लिहिले आहे की हा फत्तेउल्ला मूळचा विजयनगरकडील कानडी ब्राह्मणाचा मुलगा; बालपणी लढाईत सापडला व वऱ्हाडात मुसलमान म्हणून वाढला. गडाच्या दरवाजावर हत्तींना धरणारा दोन तोंडांचा गंडभेरुंड तुम्ही पाहिला, तो विजयनगरकडील चिन्हाची आठवण देतो. त्याचे घराणे १५७४ त अहमदनगरच्या निजामशाहीने बुडविले. गडही १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतला. रांगा गेल्या आणि कमानी मागे राहिल्या. त्या मुलास मशीद रिकामी व अर्थशून्य भासली यात त्याचा काही दोष नव्हता.

मशिदीतून एकेक वस्तू काढीत गेलो तर शेवटी काय उरते? याचे उत्तर ईदगाह पाहिल्यास मिळते. गावाबाहेर मोकळ्या मैदानात पश्चिमेस एक लांब भिंत, भिंतीच्या मध्ये कोनाडा, बाजूस दोन-चार पायऱ्यांचे मिंबर, बस. छप्पर नाही, दार नाही. वर्षातून दोन ईदांना सारे गाव तेथे लोटते, इतर दिवशी शेरडे चरतात. तात्पर्य, दिशा दाखविणारी एक भिंत आणि तिच्यासमोर सपाट जमीन, एवढीच मशिदीची मूळ गरज आहे.

उरलेल्या भागांची नावे तुम्हांस परकी वाटतील अशी आमची समजूत होती. परंतु फळ्यावर ती लिहू लागलो तो मुलेच हसू लागली. अरबी 'हौज' म्हणजे आपला हौद. 'मनारा' म्हणजे मनोरा. फारसी 'गुंबद' म्हणजे घुमट. 'मेहराब' हा भिंतीतील कोनाडा. आपल्या जुन्या वाड्यांतून कमानीला मेहराप म्हणतातच. 'कमान' हा शब्दही फारसीच. आणि ज्या मोठ्या मशिदीत शुक्रवारी सर्व गाव एकत्र होते तिला 'जामा' म्हणतात. या शब्दाचे मूळ 'एकत्र होणे' असे आहे. त्याच मुळापासून जुम्मा, जमात, जमाव, आणि तलाठ्याच्या दप्तरातील जमाबंदी. एका मुलीने विचारले, मग बँकेत पैसे जमा करतात तो 'जमा'? होय, तोही. मशिदीच्या आत कधी न गेलेल्या मनुष्याच्या बोलण्यात मशिदीचा निम्मा अधिक भाग आधीच येऊन बसला आहे, हे पाहून आम्हांस गंमत वाटली.

हौदाविषयी अंमळ अधिक लिहावयास हवे, कारण लोकव्यवहाराचा धागा तेथे सापडतो. नमाजापूर्वी हात, तोंड व पाय धुवावयाचे असतात; यास वजू म्हणतात. म्हणून मशीद म्हटली की पाणी आलेच, आणि जेथे पाणी आहे तेथे वाटसरूही येणारच. मुंबईची जामा मशीद १८०२ त पुरी झाली. ती एका जुन्या तलावावरच उभी आहे. खाली कमानींच्या आधाराखाली तलावाचे पाणी आजही दिसते आणि त्यात मासे फिरतात. औरंगाबादेत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी मशीद, हौद व पाणचक्की एकाच आवारात आहेत. डोंगरातील पाणी मातीच्या नळांनी आणून उंचावरून हौदात सोडले, आणि त्याच्या जोरावर चक्की फिरवून तेथे राहणाऱ्या फकिरांसाठी व वाटसरूंसाठी धान्य दळीत. धर्मकृत्यासाठी आणलेल्या पाण्याने पीठ दळून भुकेल्यास भाकरी मिळावी, ही योजना ज्याने केली त्यास आमचा नमस्कार असो. आमच्या वऱ्हाडात, जेथे वैशाखात घागरभर पाण्यासाठी भांडणे होतात, तेथे तर हिचे मोल अधिकच कळावे.

सहलीहून परतल्यावर गावातील मशीद मुलांस दाखवावी असे आम्ही ठरविले. तेथील वृद्ध मंडळींस जाऊन भेटलो. त्यांनी संमती दिली, परंतु त्यांपैकी एकांनी जरा थांबून विचारले, "मुले हसणार तर नाहीत ना?" इकडे शाळेत पालकांच्या चिठ्ठ्या आल्या. कोणी लिहिले, अभ्यासक्रमात हे नाही. कोणी लिहिले, आमच्या मुलास पाठवू नये. सहलीत ज्याने प्रश्न विचारला त्या मुलाच्या घरूनही अशीच चिठ्ठी आली. पालकजनहो, त्या चिठ्ठ्यांबद्दल आमचा रोष नाही. मुलगा तुमचा आहे, आणि सणावारांच्या दिवसांत गावात तणाव होतो तेव्हा दाराशी उभे राहून त्याची वाट पाहणारे तुम्हीच असता. परंतु एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. तुमच्या चिठ्ठ्यांतील भीती आणि त्या वृद्धांच्या प्रश्नातील भीती आम्हांस एकाच जातीची वाटली: आपल्या पवित्र वस्तूचा परक्याकडून अवमान होईल की काय, ही. आमच्या लहानपणी, चर्चमध्ये प्रार्थना चालली असता खिडकीतून डोकावून हसणारी मुले आम्ही पाहिली आहेत. म्हणून ती भीती आम्ही ओळखतो. ती मुले एकदा आत येऊन बसली असती तर हसली असती की नाही, ते आम्ही सांगू शकत नाही. ती कधी आत आली नाहीत, एवढे खरे.

एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर तेवीस मुले-मुली आमच्याबरोबर निघाली. पादत्राणे बाहेर काढली. आत पाऊल टाकताच प्रथम जाणवला तो गारवा आणि मोकळेपणा. खुर्ची नाही, बाक नाही, चित्र नाही. जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांच्या सतरंज्या; प्रत्येक पट्टा म्हणजे एक रांग. जागा कोणाची राखलेली नसते. जो आधी येईल तो पुढे, खांद्यास खांदा लावून. (आमच्या चर्चमध्येही बाके सर्वांचीच असतात, तथापि कोणते बाक कोणाचे, हे सर्वांस पक्के ठाऊक असते.) भिंतीवर सहा घड्याळांची एक फळी होती, मुलांस वाटले, सहाही घड्याळे बिघडली आहेत. त्यांपैकी पाच रोजच्या पाच नमाजांच्या वेळा दाखवितात व सहावे शुक्रवारच्या नमाजाची. सूर्याची वेळ जसजशी सरकते तसतसे त्यांचे काटे हाताने सरकवितात. एका कोपऱ्यात लहान मुलांच्या रेहाल, म्हणजे पोथी ठेवावयाच्या लाकडी घड्या, रचून ठेवल्या होत्या. सायंकाळी तेथे मुले अक्षरे शिकतात. मागील पडवीत लाकडी ताटी उभी करून ठेवलेली होती. ती कशाची हे मुलांनी विचारले. गावात कोणी वारले म्हणजे श्रीमंत असो की हमाल असो, याच ताटीवरून नेतात, असे त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले. त्यानंतर काही वेळ कोणी काही बोलले नाही.

रमजानात येथे सायंकाळी खजूर व फळे वाटून उपास सोडतात. निकाहाचे दिवस ठरतात. भाऊबंदकीचे तंटे कधी कधी कचेरीपर्यंत न जाता येथील ओट्यावर मिटतात, कधी मिटत नाहीत. हे सर्व आम्ही ऐकले. दहावीतील एका विद्यार्थिनीने मात्र नेमका अवघड प्रश्न विचारला: बायका कोठे उभ्या राहतात? येथे जागा अपुरी आहे, त्या घरीच नमाज पढतात, असे उत्तर मिळाले. आपल्याकडील बहुतेक लहान मशिदींत हीच रीत आहे. मदिनेच्या पहिल्या मशिदीत स्त्रियाही नमाजास येत, असे परंपरा सांगते. तेव्हा जागा अपुरी पडली ती केव्हा व का, हा विचार करण्यासारखा विषय आहे. अर्थात तो मशिदीपुरताच आहे असे नाही. आमच्याकडेही व्यासपीठावर बायकांस जागा मिळावयास पुष्कळ काळ लागला.

परत येताना मुलांत वाद निघाला की मशीद हे बाहेरून आलेले शिल्प आहे. त्यास आम्ही बऱ्हाणपूरचे उदाहरण दिले. सातपुड्यात तापीकाठी असलेल्या त्या शहराची जामा मशीद फारुकी राजा आदिलशाह, ज्यास राजा अलीखान म्हणत, त्याने बांधविली. दर्शनी पंधरा कमानी आणि दोन उंच मनोरे. तिच्या आत भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला देवनागरी अक्षरांतील संस्कृत शिलालेख आहे. त्यात सृष्टिकर्त्यास वंदन करून राजवंश सांगितला आहे, आणि काळ दिला आहे तो शके १५११, संवत १६४६, मास, पक्ष व तिथीसह, आपल्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे इ. स. १५९० चा आरंभ. मशिदीची तिथी काढण्यास कोणी तरी जोशीबुवा बसले असले पाहिजेत आणि संस्कृत रचण्यास कोणी शास्त्री. नमाजास येणाऱ्यांपैकी किती जणांस ते संस्कृत वाचता येत होते कोण जाणे; पण ते कोरविण्यास राजाला संकोच वाटला नाही, आणि रचण्यास शास्त्रीबुवांसही नाही.

आता राहिली दिशा. मशिदीची ती एक भिंत मक्केतील काबागृहाकडे असावी लागते. या दिशेस किब्ला म्हणतात. भूगोलाच्या तासाला आम्ही मुलांस विचारले, चांदूर बाजारहून मक्का कोणत्या दिशेस? सर्वांनी सांगितले, पश्चिमेस. नकाशात ते खरेही वाटते, कारण आपले गाव व मक्का दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, सव्वाएकवीस अंशांच्या आसपास आहेत. परंतु पृथ्वी गोल आहे. पृथ्वीगोलावर चांदूर बाजार ते मक्का असा दोरा ताणून धरा; तो अक्षवृत्तावरून सरळ जात नाही, मध्ये किंचित उत्तरेस, कर्कवृत्ताकडे झुकतो. हाच सुमारे ३,९०० किलोमीटरचा सर्वांत जवळचा मार्ग. म्हणून येथून किब्ला नेमक्या पश्चिमेस नसून तिच्या उत्तरेस सुमारे सात अंश आहे.

हे ताडून पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. मक्का कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या २७-२८ तारखेस आणि जुलैच्या १५-१६ तारखेस, तेथील मध्यान्ही सूर्य काबागृहाच्या अगदी डोक्यावर येतो. आपल्या घड्याळात तेव्हा मे महिन्यात दुपारचे २ वाजून ४८ मिनिटे आणि जुलैत २ वाजून ५७ मिनिटे झालेली असतात. त्या क्षणी येथे ओळंब्यात काठी उभी केली तर तिच्या सावलीच्या टोकापासून काठीच्या बुडापर्यंतची रेषा, पुढे वाढविली असता, थेट मक्केकडे जाते. जुलैत आपल्याकडे आभाळ असते; म्हणून मे महिना बरा.

गेल्या २८ मे रोजी सुटी असूनही आम्ही शाळेच्या पटांगणात काठी रोवली. उन्हाने जमीन चटका देत होती. चारच विद्यार्थी आले. एक तो आठवीतला. आणि ज्याच्या घरून चिठ्ठी आली होती तो सातवीतलाही होता. शाळेच्या पटांगणावर यावयास त्यास कोणाची मनाई नव्हती. एकाने ओळंबा धरला, एकाने घड्याळ, आणि या दोघांनी दोरी. २ वाजून ४८ मिनिटांनी खूण केली, दोरी ताणली व तिच्यावर चुन्याची फक्की टाकून रेषा आखली. होकायंत्र लावून पाहिले. पश्चिमेच्या उत्तरेस सहा-सात अंश. पुढे आठवीतल्या मुलाने मशिदीच्या भिंतीचीही दिशा मोजून आणली. ती आमच्या रेषेपासून चार अंशांनी सरकलेली निघाली. ही गोष्ट त्या वृद्ध गृहस्थांस भीत भीत सांगितली, तेव्हा ते हसले व म्हणाले, इतक्या लांबून एवढे चालते. मग त्यांनीच विचारले, तुमची ती रेषा पाहता येईल काय?

सायंकाळी ते पटांगणात आले. सातवीतल्या मुलाने त्यांस काठी कोठे होती, सावली कोठे पडली, दोरी कशी धरली, हे पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावून दिले. ती रेषा मृगाच्या पहिल्या पावसापर्यंत तेथे दिसत होती.